सटवाईचं हस्ताक्षर

बाळ जन्मलं की पाचवीला सटवाई पुजतात. कोरा कागद ठेवतात, पेन ठेवतात. रात्री सटवाई येते आणि बाळाच्या कपाळावर त्याचं नशीब लिहून जाते, असं म्हणतात. माझ्या आजीनंही ही गोष्ट मला सांगितली. मी तिला विचारलं, आजे, पाटलाच्या वाड्यात सटवाई विहीर लिहिते, मळा लिहिते, मग आपल्या वस्तीत येईपर्यंत तिची शाई कशी काय संपते? आजी म्हणाली, मागल्या जन्माचं असतंय बाबा.

शाळेचं तोंड न बघितलेल्या बाईला एवढं तयार उत्तर कुणी दिलं? ते तिचं नव्हतंच. हजार वर्षं घोटून घोटून तिच्या तोंडात ठेवलेलं होतं.

दोस्तांनो, नशिबाची गोष्ट म्हणजे कर्ता खोडलेलं वाक्य. जमीन नाही म्हणायचं, दिली नाही म्हणायचं नाही. मेला म्हणायचं, मारला म्हणायचं नाही.

माझा पणजा मुंबईच्या गिरणीत होता. सूत काढायच्या खात्यात उभा जन्म गेला. साचेखात्यात, म्हणजे कापड विणायच्या खात्यात, पगार जास्त. पण तिथं आपल्या माणसाला घेत नव्हते. घरात सांगायचे, त्याच्या नशिबात साचा नव्हता. मी वाचायला लागलो तेव्हा कळलं की नशिबाचं नाव थुंकी होतं. धोट्यातली कांडी संपली की नव्या कांडीचा धागा धोट्याच्या भोकातून तोंडानं ओढून घ्यावा लागायचा. महाराचं तोंड लागलेला धोटा सवर्ण विणकराच्या तोंडाला चालत नव्हता. 1928 च्या गिरणी संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांपुढं मांडला. बाबासाहेबांनी त्याला नशीब म्हटलं नाही, बंदी म्हटलं. नशिबापुढं हात जोडावे लागतात. बंदी उठवता येते.

आता माझ्या खात्यातलं सांगतो. मी सूतगिरणीत कार्डिंगला आहे. आमच्या पाळीतल्या एका पोराची दोन बोटं मशिनीत गेली. मशिनीची जाळी काढून ठेवलेली होती. रुई अडकली की जाळी उघडा, साफ करा, परत लावा, यात वेळ जातो आणि माल कमी निघतो, म्हणून वरूनच सांगून काढलेली. जॉबर म्हणाला, नशीब बलवत्तर, हात वाचला. पोराची आई म्हणाली, आमचंच कर्म फुटकं. दुसऱ्या दिवशी ऑफिसातून कागद आला: जाळी कामगारानं स्वतःच्या मर्जीनं काढली. खाली साक्षीदार म्हणून माझं नाव टाइप केलेलं.

या एका ओळीची किंमत साहेबाला बरोबर ठाऊक आहे. 1923 च्या भरपाई कायद्यापासून मालकाला एक पळवाट आहे. कामगारानं सुरक्षेची वस्तू जाणूनबुजून काढली असं दाखवता आलं, तर अशा जखमेची भरपाई टळते. म्हणजे जॉबरचं नशीब, आईचं कर्म आणि साहेबाचा कागद तिन्ही एकच गोष्ट सांगतात. मी सही केलेली नाही. कामावर ठेवतील की काढतील, अजून ठरलेलं नाही.

काहीजण म्हणतात, जाऊ दे, देवाच्या काठीला आवाज नसतो. मागं आमच्या शेठला झटका आला तेव्हा खात्यात कुजबुज झाली, बघ, गरिबाचा तळतळाट लागला. शेठ मोठ्या दवाखान्यातून बरा होऊन आला. जाळी अजून भिंतीलाच टेकवलेली आहे.

आपल्या बाजूनं निकाल देणारी गोष्टसुद्धा घेऊ नका, म्हणून सांगतो. 15 जानेवारी 1934 ला बिहारमध्ये मोठा भूकंप झाला. हजारो माणसं मेली. गांधीजी म्हणाले, ही अस्पृश्यतेच्या पापाची शिक्षा आहे. रवींद्रनाथ टागोरांनी जाहीर हरकत घेतली. गांधीजींचा हेतू कसाही असो, मी विचारतो, त्या भूकंपात अस्पृश्यांची घरं शिल्लक राहिली का? ज्यांच्यावर पाप झालं त्यांनाही तीच शिक्षा, हा कुठला न्याय? जमिनीला जात कळत नाही. जात माणसाला कळते. म्हणून हिशेब माणसाकडंच मागायचा.

आणि नशीब हे फक्त पोथीतच असतं असं समजू नका. 18 जानेवारी 1982 ला मुंबईत गिरणी संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. पुढं एकेक गिरणी बंद पडत गेली, जमिनीवर टॉवर आले. ज्यांच्या घामावर ती जमीन उभी होती त्यांच्या घरांची सोडत निघते. 1 मार्च 2020 च्या सोडतीत घरं होती 3,894. अर्ज होते पावणेदोन लाखांच्या घरात. ज्याला लागलं तो नशीबवान. उरलेले काय, मागल्या जन्मीचे पापी? हक्काची चिठ्ठी केली की भांडण मालकाशी, सरकारशी राहत नाही, शेजाऱ्याच्या चिठ्ठीशी होतं.

'बुद्ध आणि त्याचा धम्म' 1957 साली छापून आला, तो बघायला बाबासाहेब राहिले नव्हते. त्यात त्यांनी पूर्वजन्मीच्या कर्माचा धागा उसवून ठेवला आहे. गरीब हा मागच्या पापामुळं गरीब, असं एकदा ठरवलं की समाज आणि सरकार दोघंही मोकळे होतात, हे त्यांनी नेमकं धरलं. त्यांनी कर्म हा शब्द टाकून दिला नाही, त्याला जमिनीवर आणलं. आज माणसं जे करतात त्यावर जगातली नीती टिकते किंवा मोडते. वर बसून हिशेब ठेवणारा कुणी नाही. हे ऐकून कुणाला पोरकं वाटेल. मला हातात बळ आल्यासारखं वाटतं.

तेव्हा वस्तीत जाल आणि एखादी माय म्हणेल, आमचं नशीबच तसलं, तर तिला हसू नका. भाषण देऊ नका. तिच्याजवळ बसा. कुणी केलं ते विचारा. कधी केलं ते विचारा. कागदावर सही कुणाची आहे ते बघा. वहीत लिहून घ्या, तारखेसकट, कर्त्यासकट.

जयभीम.