मीठ सावकाश, पाणी स्वच्छ

कुळगाव, बदलापूर
जुलै, मंगळवार

चि. मनूस,


तुझे फोटो पाहिले. झोअँथिड मिटलेले, लेदर कोरल आडवं पडलेलं, गोगलगाई काचेवरून सुटून वाळूत पालथ्या झालेल्या. मीटरवर खारटपणा ३५ च्या जागी २७. ‘मावशी, टँक मोडूनच टाकते’ असं तू कळवलंस, म्हणून फोनवर न सांगता लिहूनच पाठवते आहे. हा कागद टँकशेजारी चिकटवून ठेव. मोडायची घाई करू नकोस. गेलं असं तुला वाटतंय त्यातलं बरंचसं अजून जिवंत असेल.

आधी टँकमध्ये गोडं पाणी भरणारी आरओची नळी बंद कर. तू सांगितलंस त्यावरून झालं ते असं असणार. फेसाबरोबर घाण काढणाऱ्या स्किमरच्या कपाची नळी तू मोरीत सोडली आहेस. पावसाळ्यात वीज जाते, येते. वीज गेली की वरच्या टँकमधलं पाणी खालच्या संपमध्ये उतरतं, आणि परत आली की चढलेल्या पातळीत स्किमर वाटेल तसा फेस काढतो. खारं पाणी मोरीत गेलं, पातळी राखणारा फ्लोट खाली आला आणि आरओच्या गोड्या पाण्याने रिकामी जागा भरली. पातळी जागच्या जागीच राहिली, मग घरात कुणाला कळणार? तुझ्या २०० लिटरांतलं ४६ लिटर खारं पाणी जाऊन तेवढंच गोडं आलं की ३५ चे बरोबर २७ होतात. यापुढे आरओ थेट जोडायचा नाही. मध्ये १० लिटरचा डबा ठेव. फ्लोट अडकला तरी १० लिटरांपलीकडे काही शिरणार नाही, आणि तेवढ्याने आकडा ३३ च्या खाली जात नाही.

मीठ कालवण्याआधी रिफ्रॅक्टोमीटर ३५ च्या प्रमाण द्रावणावर तपासून घे. मीटरच चुकीचा असेल तर पुढचा सगळा हिशेब चुकेल.

आता मीठ. ते किती घाईने वाढवायचं यावर टँकवाल्यांत दोन मतं आहेत. उतार नुकताच झाला असेल तर काही तासांत पूर्ववत करावं, असं प्रवाळांची काळजी असलेले म्हणतात. मी सावकाशीच्या बाजूची आहे, कारण तुझ्याकडे क्लाउनफिश आहेत. समुद्री मासा सतत खारं पाणी पितो आणि जादा मीठ कल्ल्यांवाटे बाहेर टाकतो. खारटपणा उतरला की त्याचं हे काम हलकं होतं, म्हणून तुझे मासे आज ठीक दिसताहेत. तोच एकदम वाढवला तर त्यांच्या अंगातलं पाणी ओढलं जातं. तारामासा, गोगलगाई, प्रवाळ यांच्याकडे ही सोय नाही. बाहेर जेवढं खारट तेवढंच आत, आणि बाहेर गोडं झालं की पेशी फुगतात. एकदा धक्का खाल्लेल्या जिवाला दुसऱ्या दिशेने पुन्हा तोच धक्का कशाला द्यायचा?

रोज २० लिटर पाणी काढ आणि ४५ चं २० लिटर घाल. मिठाची भुकटी टँकमध्ये टाकायची नाही. बादलीत, आरओच्या पाण्यात, पंप लावून पूर्ण विरघळू दे आणि मग दोन-तीन तासांत थेंबथेंब संपमध्ये सोड. पहिल्या दिवशी आकडा २८.८ होईल, मग ३०.४, ३१.९, ३३.२, ३४.४. चढ आपोआप मंदावत जातो, म्हणून ही पद्धत मला आवडते. पाचव्या दिवसानंतर जो थोडा फरक उरेल तो, उडून गेलेल्या पाण्याऐवजी ३५ चं खारं पाणी घालून भरून काढ. घरातलं खडेमीठ चालणार नाही, त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचा मेळ नसतो. कुणी कल्याणच्या खाडीचं पाणी आणायला सुचवलं तर हात जोड. या दिवसांत उल्हास नदीचा पूर खाडीत उतरलेला असतो.

अल्कलिनिटी ८ वरून ६.२ वर आणि कॅल्शियम ४२० वरून ३२४ वर आलेलं दिसेल. घाबरून बाटल्या ओतू नकोस. पाणी पातळ झालं म्हणून सगळंच त्याच प्रमाणात उतरलं आहे, आणि मिठाबरोबर तेही चढेल.

खरी काळजी दुसरीच आहे, पाण्याच्या स्वच्छतेची. हवाईतल्या ओआहू बेटावर कानेओहे नावाचा उपसागर आहे. मे १९६५ मध्ये आणि पुन्हा १९८७ च्या अखेरीस अतिवृष्टीने तिथे पुराचं गोडं पाणी शिरलं. गोडं पाणी हलकं, ते खाऱ्यावर तरंगतं. दुसऱ्या खेपेला वरच्या थराचा खारटपणा १५ पर्यंत उतरला आणि एक-दोन मीटर खोलीपर्यंतचं प्रवाळ पांढरं पडलं. मेलंच, असं पाहणाऱ्यांना वाटलं. पण तिथल्या पोरायटिस जातीचा सांगाडा सच्छिद्र असतो आणि त्याच्या आत खोल थोडी ऊती जिवंत होती. तिच्यातूनच खडक पुन्हा भरला, आणि तोही मोजक्या वर्षांत. १९६५ नंतर मात्र असं लवकर झालं नव्हतं, कारण तेव्हा उपसागरात शहराचं सांडपाणी सोडलं जात होतं. ते १९७७-७८ मध्ये दुसरीकडे वळवलं, तेव्हा कुठे सुधारणा दिसली. पूर दोन्ही वेळा आला, पण सावरणं पाण्याच्या स्वच्छतेवर ठरलं. अंबरनाथला प्रदूषित वालधुनी नदीच्या काठी वाढलेल्या मुलीला हे समजावून सांगायची गरज नाही.

आपल्या मालवणच्या प्रवाळांवर तर दर पावसाळ्यात नद्यांचं गढूळ गोडं पाणी येतं. तिथे जे टिकलंय ते चिवटच आहे. पण समुद्रात खालच्या थराचा आसरा असतो. तुझ्या टँकमध्ये पंप सगळं ढवळून एकजीव करतात, त्यामुळे तळातल्या जिवालाही सुटका नाही. म्हणून स्वच्छता तुलाच ठेवावी लागणार. मेलेल्या गोगलगाई आजच काढ. हाताला गिळगिळीत लागेल आणि कुजका वास येईल ते कोरल काढ, नुसतं मिटलेलं राहू दे. लेदर कोरल मरताना पाण्यात विषारी द्रव्यं सोडतं, त्यासाठी कार्बन लाव आणि दोन दिवसांनी बदल. खडकातल्या जिवाणूंनाही धक्का बसला असेल, म्हणून अमोनिया सकाळ-संध्याकाळ तपास. चढला तर त्या दिवशी २० च्या जागी ४० लिटर बदल, मात्र निम्मं पाणी टँकच्याच खारटपणाचं घे, म्हणजे चढ तेवढाच राहील. दिवे निम्मा वेळ लाव, माशांना चिमूटभर खाणं, कोरलला काहीच नाही. पाणी कमी खारट असताना स्किमर फेस धरत नाही, तो बिघडला असं समजू नकोस.

दुकानदार म्हणेल, गेलं ते जाऊ दे, नवं घ्या. ते मला पटत नाही. खडक बांधणारी सगळी प्रवाळं २००१ मध्ये वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आली, जिथे वाघ आहे. तुझी मऊ प्रवाळं त्या यादीत नाहीत, पण तीही कुठल्या तरी समुद्रातूनच निघाली आहेत. आहे ते वाचव, नवीन सहा महिने काही आणू नकोस.

ताईला नमस्कार सांग. रोज रात्री दोन्ही आकडे कळव. खारटपणाचा एखादा दिवस राहिला तरी चालेल, अमोनियाचा चुकवू नकोस.

तुझी,
मावशी