गैरहजेरीचा रोजमेळ

आमचे चिरंजीव लंडन येथे नोकरीस आहेत. कुशल कामगार व्हिसावर पाच वर्षे पूर्ण झाल्यावर गेल्या वर्षी त्यांनी तेथील कायम वास्तव्यासाठी अर्ज केला. त्यासाठी या काळात आपण ब्रिटनबाहेर किती दिवस होतो, याचा तपशील द्यावा लागतो. कोणत्याही सलग १२ महिन्यांत ही गैरहजेरी १८० दिवसांपलीकडे गेलेली चालत नाही. जाण्याचा व परतण्याचा दिवस धरत नाहीत. ३ तारखेला निघून २० तारखेला परतल्यास १६ दिवस होतात.

तेथून निघताना पासपोर्टवर शिक्का बसत नाही. म्हणून तिकिटे, बोर्डिंग पास व मुंबई विमानतळावरचे शिक्के जपावे लागतात. गुलमंडीच्या दुकानात आजोबांनी लावलेली शिस्त येथे कामी आली : नोंद त्याच दिवशी करावी, आठवणीवर उधारी ठेवू नये.

एका वर्षी बहिणीच्या लग्नासाठी २१ दिवस, आईच्या वर्षीतपाच्या पारण्यासाठी १४ आणि आजोबांच्या आजारपणात, येथूनच काम करीत, ११८ दिवस लागले. प्रकृती पुन्हा बिघडली तेव्हा २७ दिवस शिल्लक होते. हिशेब चोख असल्यानेच ते निःशंक मनाने निघाले; अखेरचा नवकार त्यांनीच आजोबांच्या कानी घातला.

दिग्व्रतात श्रावक जाण्यायेण्याची मर्यादा स्वतः घालून घेतो; येथे ती सरकार घालते. परदेशी असलेल्या आपल्या मुलामुलींनी वर्षातील काही दिवस राखून ठेवावेत. लग्नाची तिथी आधी कळते, आजारपणाची कळत नाही.