कडबी चौकातली छोटी गाडी

कृषी विस्तार अधिकारी म्हणून माझी तीस वर्षे बांधावर गेली. बियाणे, खत, पाणी आणि चारा यांपलीकडे मी आपल्यापुढे फारसे कधी बोललो नाही. आज मात्र थोडे आगगाडीबद्दल बोलायचे आहे. आमच्या घरातली एक गोष्ट मला वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी कळली, आणि ती कळली एका रेल्वेच्या संग्रहालयात. गोष्ट चाऱ्याचीच आहे, म्हणून ती आपल्या कानावर घालावीशी वाटते.

गेल्या दिवाळीनंतर आम्ही नागपूरला मुलीकडे गेलो होतो. मी, सौ. आणि आमचे वडील, आण्णा. आण्णांचे वय एकोणऐंशी. आमचे गाव बार्शी तालुक्यातले. "एवढ्या लांब मला कशाला नेता? ज्वारीला राखण कोण?" असे म्हणत आण्णा कसेबसे तयार झाले. दोन दिवस पाहुणचार झाल्यावर जावई म्हणाले, "आण्णांना छोट्या गाडीचे संग्रहालय दाखवू. जवळच आहे, मोतीबागेत." पाच वर्षांच्या नातीने तर सकाळपासून घर डोक्यावर घेतले होते.

रिक्षावाल्याला जावयांनी "कडबी चौक" असे सांगितले. ते ऐकताच आण्णा म्हणाले, "हितं कडबा मिळतो व्हय?" आम्ही सगळे हसलो. आण्णा हसले नाहीत. तेव्हा मी त्याकडे लक्ष दिले नाही.

मोतीबागेत नॅरोगेज गाड्यांचा कारखाना फार जुना. त्याच आवारात २००२ साली हे संग्रहालय उघडले. मोठे नाही, दोन तासांत सावकाश पाहून होते. झाडांच्या सावलीत जुनी इंजिने आणि डबे उभे आहेत. आत खोल्यांमधून कंदील, घड्याळे, तिकिटे, फोटो असा संसार मांडला आहे. मुलांना बसायला छोटी गाडी आहे. नात तिकडे पळाली आणि तिच्यामागे तिची आजी.

नॅरोगेज म्हणजे काय, हे नव्या पिढीला सांगावे लागेल. आज आपण बसतो त्या गाडीच्या दोन रुळांमधले अंतर ५ फूट ६ इंच असते. या छोट्या गाडीचे अंतर २ फूट ६ इंच, म्हणजे निम्म्याहूनही कमी. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बंगाल नागपूर रेल्वेने सातपुड्याच्या डोंगरांतून असे रूळ टाकले. गोंदियाहून बालाघाट, नैनपूरवरून जबलपूरला, नागपूरहून छिंदवाड्याला आणि नागभीडला या गाड्या जात. नागपूर-छिंदवाडा छोटी गाडी २०१५ साली थांबली, नागभीडची २०१९ च्या नोव्हेंबरात. रूळ रुंद करायचे म्हणून. आता ती पाहायची तर मोतीबागेतच.

आण्णा इंजिनासमोर काठी टेकून बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले, "ही तर आपली बार्शी लाइट."

ती बार्शी लाइट नव्हती. कंपनी वेगळी, मुलूख वेगळा. पण रुळांचे माप तेच, अडीच फुटांचे, आणि चणही तशीच. सोलापूर, धाराशिव, लातूरकडच्या वाचकांना बार्शी लाइट नव्याने सांगायला नको. बाकीच्यांसाठी थोडे सांगतो. बार्शी ही कापसाची मोठी पेठ. मोठ्या लाइनीपासून मात्र २१ मैल आत. सगळा माल बैलगाडीने ने-आण करावा लागे. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरने तिथे छोटी लाइन टाकली आणि १८९७ साली कुर्डुवाडी ते बार्शी गाडी सुरू झाली. पुढे ती १९०६ साली पंढरपूरला, १९११ साली लातूरला आणि १९२७ साली मिरजेला पोहोचली. १९५४ साली ती सरकारने ताब्यात घेतली.

या कॅलथ्रॉपची एक युक्ती शेतकऱ्याला लगेच पटेल अशी आहे. रूळ त्याने हलके वापरले, एका मीटरला साधारण १५ किलो वजनाचे. आज मुख्य मार्गांवर ६० किलोचे असतात. हलक्या रुळावर जड गाडी चालवायची कशी? त्याने ठरवले की इंजिन असो की मालडबा, कोणत्याही एका आसावर ५ टनांहून जास्त भार येऊ द्यायचा नाही. जास्त माल न्यायचा तर चाके वाढवायची. आपणही गाडीत ऊस भरताना भार एकीकडे पडू देत नाही, सारखा वाटून घेतो. तेच त्याने केले. म्हणून त्या खेळण्यासारख्या गाडीने शंभर वर्षे कापूस, ज्वारी, गूळ वाहिला आणि आषाढीला वारकरीही. लहानपणी मी स्वतः तिच्या टपावर बसून पंढरपूरला गेलो आहे. आईचा मार खाल्ला तो वेगळाच.

एका खोलीत टोकनचे यंत्र होते. एकेरी लाइनीवर समोरासमोर दोन गाड्या येऊ नयेत म्हणून दोन स्टेशनांवर अशी दोन यंत्रे असत, तारेने एकमेकांशी जोडलेली. दोन्ही मिळून एका वेळी एकच टोकन बाहेर निघे. ते हातात पडल्याशिवाय ड्रायव्हरने गाडी हलवायची नाही, आणि पुढच्या स्टेशनात ते परत दिल्याशिवाय दुसऱ्याला मिळायचे नाही. मी आण्णांना म्हणालो, "पाटाच्या पाण्याची पाळी असते ना, तसंच हे. फक्त इथं रात्री कुणी चोरून दार उघडू शकत नाही." मला वाटले, ते हसतील. त्यांचे लक्ष खिडकीबाहेर उभ्या असलेल्या डब्याकडे होते.

आम्ही बाहेर आलो. आण्णांनी त्या डब्याच्या दारावर हात ठेवला. "मालडब्याचं दार यापेक्षा रुंद असायचं," ते म्हणाले. "पाठीवर गाठ घेऊन सरळ बाहेर येता यायचं."

"कसली गाठ, आण्णा?"

"गवताची."

मग ते तिथल्याच बाकावर बसले आणि बोलू लागले. वाचकहो, बहात्तरच्या दुष्काळाबद्दल आण्णा घरात कधीच बोलत नसत. आई सांगायची तेवढेच आम्हाला ठाऊक. खडी फोडायला जाणे, लाल मिलोची भाकरी, सुकडी. आण्णा अशा वेळी उठून गोठ्याकडे जात. मी तेव्हा दोन वर्षांचा.

"बहात्तरची दिवाळी झाली आणि कडबा संपला," आण्णा म्हणाले. "हरण्या आणि मोत्या, खिल्लार जोडी. तुझ्या आज्यानं पोटच्या पोरावाणी वाढवलेली. झाडाचा पाला घातला, छपराचं पाचट काढून घातलं. मोत्या उठंना झाला. आजा म्हणाला, अजून आठ दिस थांब. मी म्हणालो, डोळ्यादेखत मरायचं बघू का? बार्शीच्या बाजारात गेलो आन् एकशे ऐंशीला जोडी दिली. खाटकाला दिली, आरं. दुसरं घेणारं होतंच कोण?"

मी गप्प बसलो.

"मग स्टेशनात हमालीला लागलो. रोज मिलोची पोती. जोडी दिल्याला आठ दिस न्हाई झालं, तर सकाळची मालगाडी आली. मुकादम म्हणाला, आज पोती न्हाईत, गाठी हायेत. दार उघडलं तर गवत. पहिली गाठ मीच खाली घेतली. लोकांची जनावरं जगली त्या गवतावर."

पुढच्या मृगात पेरायला बैल नव्हते. दुसऱ्याची जोडी मोकळी होईपर्यंत पंधरा दिवस वाफसा निघून गेला. शेवटी नवी जोडी घ्यायला ओढ्याकाठचे दोन एकर रान गहाण पडले. ते सुटलेच नाही.

इथे माझी एक चूक आपल्यापुढे कबूल करतो. ते रान आमच्या शिवारातले सर्वांत चांगले. ते कसे गेले हे मी कधी नीट विचारलेच नाही. आण्णांच्या गाफीलपणामुळे गेले असे मी धरून चाललो, आणि एकदा भावकीच्या वादात त्यांच्या तोंडावर तसे बोललोही. त्यांनी उत्तर दिले नाही. त्याला वीस वर्षे झाली.

आणखी एक. २०१२-१३ च्या दुष्काळात आमच्या भागात चारा छावण्या होत्या. मी गावोगाव सभा घेत असे आणि प्रत्येक सभेत एकच वाक्य ठासून सांगत असे, "घाबरून जनावरे विकू नका, जो घाबरला तो बुडाला." त्या भाषणाची तयारी मी घरी ओसरीवर मोठ्याने करत असे. आण्णा उठून जात. मला वाटे, म्हाताऱ्याला कंटाळा आला. बी.एस्सी. होऊन जे मला कळले नाही ते त्या बाकावर कळले. ज्याच्या दावणीला जनावर डोळ्यादेखत बसते, त्याला घाबरट म्हणण्याचा अधिकार मला नव्हता. चारा वेळेत पोहोचेल अशी व्यवस्था नसेल, तर 'विकू नका' हा उपदेश फुकटचा आहे.

मग मला २०१६ सालचा एप्रिल आठवला. लातूरला प्यायला पाणी उरले नव्हते, म्हणून मिरजेहून पाण्याची रेल्वे निघाली. पहिली गाडी १२ एप्रिलला लातूरला पोहोचली, १० टाक्या, सुमारे ५ लाख लिटर पाणी. नंतर ५० टाक्यांची गाडी जाऊ लागली. तिची वाट कोणती? मिरज, पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी, लातूर. म्हणजे बार्शी लाइटचीच वाट. रूळ टप्प्याटप्प्याने रुंद झाले होते, आणि धाराशिव शहर जोडण्यासाठी मार्ग थोडा वळवला होता, एवढाच फरक. त्या दिवसांत आण्णा एका रात्री न सांगता बार्शी स्टेशनवर जाऊन बसले होते. शोधाशोध झाली. मी रागावलो. ते एवढेच म्हणाले, "वेळेवर आली रं ही गाडी." त्याचा अर्थ मला नागपुरात लागला.

मी आण्णांच्या पायाला हात लावला. "रानाबद्दल बोललो होतो, ते चुकलं माझं," म्हणालो. ते म्हणाले, "तुला ठावं नव्हतं. मीच सांगितलं न्हाई." तेवढ्यात नात आली आणि पणजोबांचा हात ओढू लागली. आण्णा त्या मुलांच्या गाडीत गुडघे पोटाशी घेऊन बसले आणि दोन फेऱ्या मारून आले. उतरताना म्हणाले, "टपावर बसू देत न्हाईत का?"

वाचकहो, आता माझे दोन शब्द आपल्यासाठी.

पहिला शब्द हिशेबाचा. गाडी वेळेवर येईल या भरवशावर राहू नका. एका बैलाला नुसत्या कडब्यावर ठेवायचे तर दिवसाला साधारण १० किलो धरा. दोन बैलांचे फेब्रुवारी ते मे या चार महिन्यांचे होतात जवळजवळ २४ क्विंटल. गाई-म्हशी असतील त्यांचे वेगळे. एवढा कडबा आपल्या गंजीत आहे का, हे संक्रांतीलाच पाहा. आमच्या भागात सोयाबीन वाढले आणि ज्वारी मागे पडली. पैसा आला, पण कडबा गेला. निदान घरच्या जनावरांपुरती तरी मालदांडी पेरा. कडबा कुट्टी करूनच घाला, म्हणजे पायाखाली जाणारा वाचतो.

दुसरा शब्द घरातल्या म्हाताऱ्या माणसांचा. संग्रहालयात इंजिन ठेवता येते, कंदील ठेवता येतो. त्या डब्यातून गाठ कुणी उतरवली आणि उतरवताना त्याच्या मनात काय होते, ते तिथे लिहिलेले नसते. बहात्तर साल पाहिलेली माणसे आता थोडी उरली आहेत. एखादे रान कसे गेले, एखादी विहीर कशी झाली, बैल का विकले, हे त्यांना विचारा. माझ्यासारखा उशीर करू नका. ती आपणहून सांगणार नाहीत.

नागपूरला गेलात तर मोतीबागेत जरूर जा. जमले तर घरातल्या वडीलधाऱ्यांनाही बरोबर न्या, आणि त्यांना डब्याजवळ थोडा वेळ उभे राहू द्या.