डाव्या हाताचं काम

उजव्या हाताने दिलेलं डाव्याला कळू नये, असं आपण म्हणतो. म्हण दानाची आहे. पण अलीकडे ती डोक्यातून जातच नाही, आणि दरवेळी तिच्यात दान नसतं, पेटी असते. भजनात माझा उजवा हात काय वाजवतो याची डाव्याला खरोखरच खबर नसते. त्याला भाता तेवढा ठाऊक. गजर चढला की तो जोर करतो, ओसरला की सैल पडतो. बोटं त्यालाही आहेत, पण ती भात्याची कड धरण्यापुरती.

आता कॅसिओ कीबोर्डवर ‘स्वीडन’ वाजवायचं म्हणजे या हाताला कामाला लावणं आलं. माइनक्राफ्ट या खेळातली ही धून, डॅनियल रोझेनफेल्ड या जर्मन संगीतकाराची, 2011च्या अल्बममधली. संथ, मोजक्या सुरांची. उजव्या हाताला ती चटकन सापडली. पुतणी बाजूला उभी होती. म्हणाली, “काका, दावो हात खंय गेलो?” तो मांडीवर होता, मध्येच थोडा हलत होता. बहुधा भाता शोधत असावा.

खेळात ही धून ठरल्या वेळी वाजत नाही. बराच वेळ काहीच नसतं, आणि पोरं कुदळीने लोखंड खणत असताना ती अचानक सुरू होते. गोव्यातल्या आमच्या सुर्ल्यात बसून पडद्यावर लोखंड खणायचं, तेही इतक्या शांत सुरांत! 2012 साली इथल्या लोहखनिजाच्या खाणी पहिल्यांदा थांबल्या, त्याआधी खनिजाच्या ट्रकांपायी इथे घरातसुद्धा मोठ्याने बोलावं लागायचं. असो.

पेटी मुळात युरोपातून आली ती पायांनी भाता मारायची, दोन्ही हात मोकळे. मांडी घालून बसणाऱ्या आपल्या मंडळींसाठी एकोणिसाव्या शतकात कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोषांनी हातपेटी घडवली आणि डावा हात भात्याला जुंपला गेला. आकाशवाणीने 1940 साली पेटीला दार बंद केलं, ते तिच्यातून मींड निघत नाही म्हणून. डाव्या हाताबद्दल कुणाचीच तक्रार नव्हती. असणार तरी कशी? आमच्या गोव्यातल्या बोरीचे पेटीवादक तुळशीदास बोरकर भाता सांभाळून एका हाताने जे काढायचे, ते ऐकताना दुसऱ्या हाताची आठवण कुणाला होईल?

मग वाटतं, सूर लांबणार की तुटणार हे भाताच ठरवतो. म्हणजे उजव्याचं डाव्याला सगळं कळतच असणार, नुसतं बोलून दाखवत नसेल. मग म्हण खोटी, की मीच तिला नको तिथे ओढून आणली? कॅसिओवर तर वेगळाच घोटाळा. तिथे डाव्याने खालचे स्वर धरून थांबायचं आणि उजव्याने वर फिरायचं. पण माझे दोन्ही हात एकदमच उठतात, एकदमच पडतात. इतकी वर्षं एकमेकांना न विचारता चाललेले हे दोघे, आता एकमेकांना सोडायलाच तयार नाहीत. हे कळणं म्हणायचं की न कळणं, मला सांगता येत नाही.

पेडण्याकडे दशावतारात पायपेटी असते. भाता पायांकडे, डावा हात मोकळा. यंदा तिथल्या दशावतारी दहीकाल्याला गेलात तर राजा तलवार उपसत असताना घटकाभर त्याच्यावरची नजर काढा, आणि पेटीवाल्याचा डावा हात काय करतो ते बघून या.