किल्लेदार

लालबागच्या आमच्या चाळीत दिवाळी यायची ती फराळाच्या वासाने नव्हे, चिखलाने. सहामाहीचा शेवटचा पेपर देऊन आले की दप्तर भिरकावायचे आणि विटा गोळा करायला सुटायचे. कुठे मोरी दुरुस्त होत असली की तिथल्या विटा आमच्याच, असा आमचा कायदा. गोणपाट वाण्याकडून मिळे.

एरवी लगोरीत नि डबा ऐसपैसमध्ये आम्ही सारेच राजे. किल्ल्यापाशी मात्र एकाचेच राज्य चाले. तळमजल्यावरच्या त्या पोराला आम्ही किल्लेदार म्हणत असू. त्याचे गाव महाडकडे, रायगडाच्या घेऱ्यातले. आमचे किल्ले पुस्तकातल्या चित्रावरून. त्याने गड पाहिलेला. टकमक टोक करताना तो कुणाला जवळ येऊ देत नसे. "टोक पुढे निमुळतं होत जातं रे, तुम्ही त्याची भाकरी थापता!" असे म्हणून आमचे काम मोडून टाकी. राग येई, पण टोक त्याचेच उभे राही.

त्याचे वडील गिरणीत साचे चालवीत; माझे पोस्टात कारकून. हा फरक आम्हां मुलांच्या गावीही नव्हता, असे लिहायचा मोह होतो. पण ते खरे नव्हे. फरक ठाऊक होता. त्याचे काही काम पडले नव्हते, एवढेच.

ते १९८२ साली पडले. १८ जानेवारीला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास माणसे घरी बसली. आधी चाळीला सुटीसारखेच वाटले. गणपतीपर्यंत कुणाकुणाच्या घरातली तांब्यापितळेची भांडी दिसेनाशी झाली. दिवाळीला किल्ल्याची वर्गणी डोईला दोन रुपये ठरली. खजिनदार मी, कारण माझे अक्षर चांगले. किल्लेदाराच्या नावापुढे मी 'बाकी' असे लिहिले आणि ऐटीत सांगितले, "पैसे दिल्याशिवाय मातीला हात लावायचा नाही." हे मला कुणी शिकवले नव्हते. तो काही बोलला नाही. दोन दिवस कठड्याला टेकून आमचे काम बघत राहिला. आमचे टोक दोनदा कोसळले.

धनत्रयोदशीच्या सकाळी पाहतो तो टोक उभे! वरून गेरूचा हातही फिरलेला. कुणी केले, हे कुणी विचारले नाही, मीही नाही. आठवड्याभरात ते बिऱ्हाड एस. टी. ने गावी गेले. निरोप घ्यायला तो माझ्याकडे आला नाही. यायचे कारणच काय होते?

तो संप अधिकृतपणे कधी मागे घेतला गेलाच नाही. माझ्या वहीतली बाकीही तशीच राहिली.

रायगडावर मी गेलो तो पन्नाशी उलटल्यावर, रोपवेने. टकमक टोकाशी वारा उभे राहू देत नव्हता. टोक अगदी त्याने केले होते तसेच, पुढे निमुळते होत गेलेले. खाली घेऱ्यातली घरे दिसत होती. त्यांत त्याचे गाव कोणते, हे मी कधी विचारलेच नव्हते. वाटेत ताक विकायला बसलेल्या बाईंना विचारता आले असते. आडनाव अगदी ओठांवर आले होते. मी ताकाचे पैसे दिले आणि परत फिरलो.