ज म्हणजे जावई

फोन चोरीला गेला असता तर एवढं लागलं नसतं. चोराला निदान शिव्या देता येतात. माझा फोन माझ्याच पर्समध्ये होता, चार्जिंग साठ टक्के होतं, आणि टिन फॅक्टरीच्या सिग्नलला बस अडकलेली असताना त्याने आपणहून स्वतःला पुसून टाकलं.

सप्टेंबर २०१३. गणपती नुकतेच गेलेले, पितृपक्ष लागलेला, शुक्रवारची संध्याकाळ. मराठाहळ्ळीच्या कंपनीतला माझा शेवटचा दिवस. भांडणतंटा काही नाही. रीतसर राजीनामा, दोन महिन्यांचा नोटीस पीरियड, केक, मोठ्या कार्डावर सगळ्यांच्या सह्या, लॅपटॉप आणि आयडी कार्ड जमा. पाचशे डी बस मिळाली, खिडकीही मिळाली. हेब्बाळला एस्टीम मॉलपाशी नवरा घ्यायला येणार होता. कुठवर आले ते कळवावं म्हणून फोन काढला, तर पडद्यावर 'वेलकम' आणि खाली 'भाषा निवडा'.

आधी वाटलं, हँग झाला असेल. पण खरं काय ते कळायला दोन मिनिटंही लागली नाहीत, कारण ह्याच गोष्टीवर मी चार वर्षं पोट भरलं होतं.

मी सांगलीची. २००४ मध्ये बेंगळुरात आले. २००६ ते २०१० ह्या काळात एका वेगळ्या कंपनीत सिंकची टेस्टर होते. म्हणजे फोनमधले मेल, कॅलेंडर, नंबर आणि कामांची यादी कॉम्प्युटरवरच्या नोंदींशी जुळते की नाही, हे दिवसभर बघायचं. एकाच माणसाचा नंबर फोनमध्ये एक आणि कॉम्प्युटरवर दुसरा असा मुद्दाम बदलायचा, मग सिंक मारायचं आणि जिंकतं कोण ते लिहून घ्यायचं. बहुतेक वेळा सर्व्हर जिंकायचा. आणखी एक टेस्ट असायची, रिमोट वाइपची. माणूस कंपनी सोडून गेला किंवा त्याचा फोन हरवला, तर ऑफिसात बसून तो फोन रिकामा करता आला पाहिजे. मी बटण दाबायची, समोरच्या टेबलावरचा फोन काळा होऊन पुन्हा 'वेलकम' म्हणायचा, आणि मी तक्त्यात 'पास' लिहायची. किती वेळा लिहिलं असेल? दोनशे तरी.

ह्यातली गंमत (गंमतच म्हणते) अशी की पुसण्याचा हुकूम फोनला कुणी शोधत येत नाही. तो सर्व्हरवर पडून असतो. फोन दर थोड्या वेळाने सर्व्हरकडे जातो आणि नेहमीप्रमाणे विचारतो, काही नवीन मेल आहे का? त्या वेळी हुकूम त्याच्या हातात पडतो. शहाणा फोन आधी 'मिळाला' अशी पोच देतो आणि मग स्वतःला पुसतो. म्हणजे मी खिडकीतून कृष्णराजपुरमचा झुलता पूल बघत होते, तेव्हा माझा फोन पर्समधून इमानदारीने विचारायला गेला होता. ज्या ऑफिसात आता माझी खुर्चीही नव्हती, तिथे.

फोन माझा. बिल माझं. नेट पॅक माझा. ऑफिसचा मेल त्यात जोडला होता तो रात्री अकरालाही उत्तरं मिळावीत म्हणून, म्हणजे त्यांच्याच सोयीसाठी. जोडताना एक पडदा आला होता, त्यावर परवानग्यांची यादी होती आणि त्यात 'सगळा डेटा पुसणे' असंही होतं. मी 'अॅक्टिव्हेट' दाबलं. दुसऱ्या कुणी दाबलं असतं तर म्हटलं असतं, बिचाऱ्याला काय कळतंय. मला सगळं कळत होतं. माझ्या फोनमध्ये त्या काळी दुसरी सोयही नव्हती. अँड्रॉइडमध्ये कामाचा कप्पा वेगळा ठेवायची व्यवस्था २०१४ साली, पाचव्या आवृत्तीत आली. त्याआधी ऑफिसचे चार मेल हवे असतील तर बहुतेक ठिकाणी अख्ख्या फोनची किल्ली द्यायची, असा मामला होता. म्हणजे भाडेकरूला एक खोली दिली आणि जाताना तो घरच पाडून गेला.

बरं, बसमध्ये. पहिला प्रश्न साधा होता: नवऱ्याला कळवायचं कसं? सिम शाबूत, रेंज फुल, आणि नंबर पाठ नाही. सात वर्षांचा संसार, नंबर पाठ नाही! मला एकच नंबर पाठ होता, सांगलीच्या घरचा लँडलाइन, शून्य दोनशे तेहतीसवाला. लावला.

"अगं, एवढ्या संध्याकाळी? पोचलीस का घरी?"

"आई, ह्यांचा नंबर सांग."

"कुणाचा?"

"ह्यांचा गं. तुझ्या जावयाचा."

थोडा वेळ काहीच ऐकू आलं नाही. मग ड्रॉवर उघडल्याचा आवाज. "थांब हं, चष्मा... ह्यांनी कुठे लिहून ठेवलाय... अं, नावाने नाहीये गं. हां. ज मध्ये आहे. ज, जावई. शून्यासकट लिहिलाय, शून्यासकट सांगू?"

शेजारच्या मुलीकडून पेन मागून मी बसच्या तिकिटाच्या पाठीवर तो नंबर शून्यासकट लिहून घेतला.

ती डायरी बाबांची. एलआयसीतून दरवर्षी फुकट मिळणारी, रेक्झिनच्या कव्हरची. दर एक जानेवारीला ते जुन्या डायरीतले पत्ते आणि नंबर नव्या डायरीत उतरवून काढायचे. पूर्ण सकाळ जायची. उतरवताना थांबून आईला विचारायचे, "हे अजून मिरजेलाच आहेत ना?" वारलेल्या माणसाचं नाव नव्या डायरीत येत नसे, पण जुन्या डायरीत त्याच्यापुढे तारीख पडायची. मी बेंगळुरात आले त्याच वर्षी अमिडा सिम्प्युटर बाजारात आला. आयआयएससीतल्या प्राध्यापकांनी आणि इथल्याच मंडळींनी रचलेला, भारत इलेक्ट्रॉनिक्समध्ये तयार झालेला, हातात मावणारा देशी संगणक. त्याच्याबद्दल बाबांनी पेपरात वाचलं आणि मला फोन केला, "ह्यात पत्ते राहतात म्हणे. घेऊ का, डायरीऐवजी?" सर्वांत स्वस्त मॉडेल दहा हजारांच्या आसपास होतं. त्यांनी मनाशी हिशोब केला असावा. "डायरी फुकट मिळते," म्हणाले आणि विषय संपला.

नवऱ्याच्या नंबरापुढचं शून्य का, तर त्याचा मोबाइल कर्नाटकातला आणि सांगलीच्या लँडलाइनवरून परराज्यातल्या मोबाइलला आधी शून्य लावायला लागायचं. बाबा जसा फिरवायचा तसाच लिहायचे.

२०११ मध्ये बाबा गेले. मिशन हॉस्पिटलमधल्या शेवटच्या दोन आठवड्यांत त्यांनी मला बऱ्याच गोष्टी सांगून ठेवल्या आणि मी त्या फोनमध्ये त्यांच्याच नावाच्या कार्डावर, खाली टिपणाची जागा असते तिथे, टाइप केल्या. लॉकर कुठल्या बँकेत, पेन्शनचा नंबर, कुणाकडून किती यायचे, 'उजवा बर्नर आईला पेटवू देऊ नकोस, गॅस सुटतो'. कॅलेंडरमध्ये त्यांच्या तिथीही होत्या. दरवर्षी कालनिर्णयमध्ये पाहून तिथीची तारीख काढायची आणि फोनमध्ये टाकायची, कारण फोनला षष्ठी कळत नाही. पक्षाची तिथी त्याच आठवड्यात होती. हे सगळं फोनमध्ये होतं आणि नवीन कार्ड कुठल्या खात्यात जाईल ते मीच कधीतरी 'ऑफिस' असं निवडून ठेवलं होतं. त्यामुळे फोनमधलं गेलं, आणि सर्व्हरवरची प्रत ज्या खात्यात होती ते त्या संध्याकाळीच बंद झालं होतं.

मी मेल लिहिला. सभ्य भाषेत. माझी खाजगी माहिती होती, सर्व्हरवरून फक्त कॉन्टॅक्ट्स काढून द्याल का? चार दिवसांनी दोन ओळींचं उत्तर आलं: मेल सुविधा घेताना आपण अटी मान्य केल्या होत्या, पुढील कारकिर्दीसाठी शुभेच्छा. अजून आठवलं की कान गरम होतात. अटी मान्य होत्या, खरं आहे. पण शेवटच्या दिवशी एचआरवाल्या बाईंनी माझ्याकडून ड्रॉवरच्या चाव्यांपासून स्टेपलरपर्यंत सतरा गोष्टींवर टिकमार्क करून घेतले होते. अठरावी ओळ, 'फोन पुसला जाईल, आपलं काढून घ्या', लिहायला काय जात होतं? माझ्या तक्त्यात तरी कुठे होती ती ओळ, म्हणा.

दोन वर्षांपूर्वीच्या जुन्या फोनचा एक बॅकअप कॉम्प्युटरवर सापडला. तो भरला तर निम्मी मंडळी तीन-तीनदा आली: एक नुसता दहा आकड्यांचा, एक शून्याचा, एक अधिक एक्याण्णवचा. देवनागरीत साठवलेल्या नावांची तर पार दशा झाली. 'आई' हे नाव उघडलं तर बरोबरचं चिन्ह, ई, शून्य, बरोबर, ए, चार, बरोबर, आठ, सहा अशी माळ. आपल्या एकेका अक्षराचे कॉम्प्युटरच्या पोटात तीन तुकडे असतात. एक फाइल ते तुकडे एका पद्धतीने लिहिते आणि वाचणाऱ्याला ती पद्धत माहीत नसली की आईची अशी माळ होते. ती मी हाताने दुरुस्त केली. बाबांचं जुनं कार्ड त्यात होतं, नुसता नंबर. टिपणं नंतरची.

सांगायचं म्हणून सांगते, ऐकणारं कुणी नसतं हेही माहीत आहे. सिंक म्हणजे बॅकअप नव्हे. पुसणं हाही एक बदलच असतो आणि सिंक तो तितक्याच तत्परतेने सगळीकडे पोचवतं. नवीन नंबर साठवताना फोन कुठल्या खात्यात टाकतोय ते एकदा बघा, सिममध्ये नको, ऑफिसच्या खात्यात तर मुळीच नको. कॅलेंडर आणि पत्ते ठेवायला कॅलडॅव्ह आणि कार्डडॅव्ह अशा खुल्या पद्धती आहेत, पहिली २००७ पासून, दुसरी २०११ पासून. त्या समजणारी सेवा घेतली तर उद्या बिऱ्हाड हलवता येतं. गूगलच्या कॉन्टॅक्ट्समध्ये तीस दिवसांपर्यंत मागे जाता येतं. वर्षातून एकदा सगळे नंबर फाइलमध्ये उतरवून घ्या. आणि ती फाइल एक्सेलमध्ये उघडून तशीच सेव्ह करू नका, मराठी नावांच्या जागी प्रश्नचिन्हं येऊ शकतात.

त्यानंतर महिनाभर मी फोनमध्ये काहीही ठेवलं नाही. जयनगरला जाऊन डायरी आणली, नंबर पेनने लिहिले, सगळ्यांना ऐकवलं की ढगात ठेवलेलं आपलं नसतं, कागद तो कागद. महिना भरला तशी डायरी मिक्सरखाली गेली आणि मी पुन्हा सिंक चालू केलं. त्या दिवाळीत सांगलीला गेले तेव्हा बाबांच्या शेवटच्या डायरीच्या पानांचे फोटो काढले. फोटो आपोआप ढगात चढले, मी लक्षही दिलं नाही.

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेला पूर आला. आयर्विन पुलापाशी पाणी सत्तावन्न फुटांवर गेलं. गावभागातल्या आमच्या घरात माळ्याला हात लागेल इतकं पाणी. आई आधीच विश्रामबागेत मावशीकडे गेली होती. ड्रॉवर उघडला तर डायऱ्यांचा लगदा. बॉलपेनने लिहिलेलं थोडं वाचता येत होतं, पण बाबा शाईचं पेन वापरायचे.

मी फोटो उघडले, पान न् पान होतं. ज्या ढगाला सहा वर्षं नावं ठेवली त्याच्यात. मला आनंद झाला आणि रागही आला. कुणाचा, ते मला अजून नीट सांगता येत नाही.

आईने नवीन डायरी मागितली. बेंगळुराहून फोनवर मी एकेक नाव वाचत होते, ती तिकडे लिहीत होती, बॉलपेनने. मध्येच म्हणायची, "हे गेले, ह्यांचा नको," आणि पुढे जायची. ज आला तेव्हा मी म्हटलं, "आई, मोबाइलवरून लावताना शून्याची गरज नाही."

"त्यांनी लिहिलंय ना? मग राहू दे."

(२०२१ च्या जानेवारीपासून लँडलाइनवरून कुठल्याही मोबाइलला शून्य लावावंच लागतं. तिने मला ते दोनदा ऐकवलं.)

ब मध्ये बँक, बंब दुरुस्तीवाला, बेंगलोर, म्हणजे मी. बाबांचा स्वतःचा नंबर त्यांच्या डायरीत नव्हताच, असणार तरी कशाला. तो माझ्या फोनमध्ये आहे, जुन्या बॅकअपमधून आलेला. तो नंबर कंपनीने केव्हाच दुसऱ्या कुणाला दिलाय. व्हॉट्सअॅपवर 'बाबा' ह्या नावाखाली बुलेटवर बसलेला एक मुलगा दिसतो, गॉगल लावलेला.

"थांबलीस का?" आई म्हणाली. "पुढचा सांग."