बल्बची आई आणि खुराड्यातली पहिली रात्र

दोस्तांनो, एक पाय महाराष्ट्रात आणि दुसरा गुजरातमध्ये ठेवून तुम्ही कधी उभे राहिलात का? नवापूरला आलात तर ही गंमत करता येईल. सुरत-भुसावळ लोहमार्गावरचं हे स्टेशन अगदी सीमेवर वसलंय. तिकिटाची खिडकी महाराष्ट्रात आणि स्टेशन मास्तरांची कचेरी गुजरातमध्ये! फलाटावरच्या एका बाकावर तर सीमारेषाच रंगवलेली आहे. मीही त्या बाकावर पाच मिनिटं दोन्ही राज्यांत बसले आणि मग काळी-पिवळी जीप पकडून एका पाड्याकडे निघाले.

फेब्रुवारीचे दिवस होते. दुपारी ऊन चटकायचं, पण रात्री गोधडी लागायची. त्या पाड्यावरच्या एका घरातली २३ पिल्लं दुसऱ्या दिवशी घर बदलणार होती. बघायला चला, असं तिथल्या शिक्षकांनी आग्रहानं सांगितलं होतं.

आता तुम्ही म्हणाल, कोंबडीची पिल्लं उचलून खुराड्यात ठेवायची, त्यात बघायचं काय? मलाही लहानपणी असंच वाटायचं. जत्रेतून मी गुलाबी रंगात रंगवलेलं एक पिल्लू आणलं होतं. बुटांच्या खोक्यात ठेवलं, तांदूळ दिले, पाणी दिलं. तिसऱ्या दिवशी सकाळी ते हललंच नाही. ते भुकेनं गेलं नव्हतं, थंडीनं गेलं होतं. हे मला पुष्कळ वर्षांनी कळलं.

त्या घरात एक आजी आणि सातवीत शिकणारी तिची नात. आजी मावची भाषेत बोलायची आणि नात मला मराठीत सांगायची. पडवीच्या एका बाजूला पत्र्याचं गोल कडं उभं केलं होतं. त्यात भाताच्या तुसाची गादी आणि वर दोरीनं टांगलेला बल्ब. या व्यवस्थेला ब्रूडर म्हणतात. मराठी पुस्तकांत त्याला छान नाव आहे, ‘कृत्रिम दाई’. नात मात्र त्याला ‘बल्बची आई’ म्हणत होती!

खरी आई असली, की पिल्लं पहिल्या दिवसापासून अंगणात हिंडतात. गारठली की पळत येऊन तिच्या पंखाखाली शिरतात. ही गिरिराज जातीची पिल्लं मात्र यंत्रात २१ दिवस उबवलेली, एक दिवसाची असताना खोक्यातून आलेली. त्यांना कुणाचा पंख? म्हणून बल्ब. पहिल्या आठवड्यात त्याच्याखाली ३५ अंश सेल्सिअसच्या आसपास ऊब लागते. पुढं दर आठवड्याला साधारण तीन-तीन अंश कमी करत जायचं. त्यासाठी नात दर रविवारी दोरी थोडी वर ओढून बांधायची.

“तुझ्याकडे तापमापक आहे?” मी विचारलं.

“पिल्लंच तापमापक आहेत, मावशी,” ती म्हणाली. “बल्बखाली गोळा झाली, की थंडी वाजतेय. कडेला जाऊन चोच उघडून धापा टाकायला लागली, की उकडतंय. आणि सगळीकडे पसरून खेळत असली, की बरोबर!”

पाहा, किती सोपं!

आणि कडं गोल का, ठाऊक आहे? चौकोनी खोक्याला कोपरे असतात. थंडी वाजली किंवा घाबरली, की पिल्लं कोपऱ्यात एकमेकांवर चढतात आणि खालची गुदमरतात.

मग मी विचारलं, “उद्याच का हलवायची? आधी का नाही?”

नात गप्प झाली. उत्तर आजीनं दिलं. आदल्या वर्षीही त्यांनी पिल्लं आणली होती. तीन आठवड्यांची झाल्यावर पडवीत वास येऊ लागला, धूळ उडू लागली. पिल्लं तरतरीत दिसत होती, म्हणून नातीनं ती खुराड्यात नेली. त्याच रात्री अवकाळी पाऊस आला. सकाळी ११ पिल्लं कोपऱ्यात एकमेकांवर पडलेली सापडली. नातीची दोन दिवस शाळा बुडली, रडून रडून.

तिची चूक कुठे झाली? पिल्लाच्या अंगावर आधी मऊ लव असते. लव ओली झाली, की ऊब संपली. खरी पिसं हळूहळू येतात, आधी पंखांवर, मग पाठीवर आणि छातीवर, डोक्या-मानेवर सगळ्यांत शेवटी. ही पिसं हवा धरून ठेवतात आणि पिल्लाची स्वतःची गोधडी तयार होते. त्याला पाच-सहा आठवडे लागतात. तोवर बाहेर थंडी असेल, तर बल्बच्या आईला सुट्टी नाही.

या वेळी नातीनं घाई केली नाही. पाचव्या आठवड्यात बल्ब फक्त रात्री लावला. दुपारी तासभर पिल्लं अंगणात डालग्याखाली ठेवली. सहाव्या आठवड्यात चार रात्री बल्ब लावलाच नाही. पिल्लं पसरून निवांत झोपली, तेव्हाच तारीख ठरली.

खुराडं पाहण्यासारखं होतं. जमिनीपासून दोन फूट उंच खांबांवर, बांबूचं, आठ फूट लांब आणि सहा फूट रुंद. मोठ्या कोंबडीला निदान दोन चौरस फूट जागा हवी. आता करा बरं हिशेब, २३ जणींना पुरेल का? जाळी बारीक विणीची, कारण मुंगूस एवढ्याशा फटीतून आत शिरतो. आणि चारही कोपरे नातीनं बांबूची चटई वाकवून गोल करून टाकले होते.

घरच्या दोन जुन्या कोंबड्या मात्र अंगणाच्या दुसऱ्या टोकाला, वेगळ्या ठेवल्या होत्या. खुराड्याजवळ एक चपलांचा जोड होता. तो फक्त खुराड्यात जाताना घालायचा. एवढी काळजी कशाला, असं मी म्हटल्यावर आजी खाली बसली.

२००६च्या फेब्रुवारीत भारतात पहिल्यांदा बर्ड फ्लू सापडला, तो याच नवापूर तालुक्यात. रोग पसरू नये म्हणून मोठ्या पोल्ट्र्यांतल्या लाखो कोंबड्या माराव्या लागल्या. त्यांच्याबरोबर आसपासच्या गावांतल्या परसातल्या कोंबड्याही गेल्या. अंग झाकलेली, तोंडाला पट्ट्या लावलेली माणसं आजीच्याही अंगणात आली होती. “दुसऱ्या दिवशी पाड्यावर एकही कोंबडा आरवला नाही,” आजी म्हणाली. २०२१मध्ये नवापूरला पुन्हा हीच साथ आली. म्हणून नवी कोंबडी जुन्यांत लगेच मिसळायची नाही, दाणापाणी छपराखाली ठेवायचं म्हणजे रानपाखरांची विष्ठा त्यात पडत नाही, आणि कोंबड्या अचानक मरू लागल्या, तर हात न लावता पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवायचं. हे सगळं नातीला पाठ होतं.

सकाळी पिल्लं हलवली. सकाळीच का? दिवसभरात दाणा कुठे, पाणी कुठे, हे कळतं. एकेक पिल्लू दोन्ही हातांत धरून नात नेत होती. आत जाताच ती सगळी गप्प उभी राहिली. मग एकानं तूस उकरलं आणि चिवचिवाट सुरू झाला.

खरी परीक्षा रात्रीची. अंधार पडला आणि पिल्लं बल्ब शोधू लागली. बसायला बांबूची आडवी काठी होती, पण त्यावर कोण चढणार? सगळी एका बाजूला गर्दी करू लागली. नात बॅटरी घेऊन तीनदा उठली आणि हलक्या हातानं गर्दी मोडून आली. मलाही झोप कुठली! पहाटे आम्ही दोघी धावत गेलो. तिनं मोजायला सुरुवात केली. एकवीस... बावीस... आणि काठीच्या टोकाला, एकटंच ऐटीत बसलेलं तेविसावं!

मी निघताना ती म्हणाली, “अजून संपलं नाही, मावशी. आठवडाभर दार बंदच ठेवायचं. त्यांना हे घर आपलं वाटायला हवं. मग सोडायची. संध्याकाळी आपणहून परत आली, तर जमलं.”

नवव्या दिवशी तिचा फोन आला. संध्याकाळी दार उघडं ठेवून ती उभी राहिली होती. बावीस पिल्लं ओळीनं आत गेली, पण एक गायब! अंगण पाहिलं, कुंपण पाहिलं. शेवटी घरात गेली, तर ते पडवीत, जिथं बल्बची आई टांगलेली होती, त्याच जागेवर बसलेलं. आजी म्हणाली, राहू दे आजची रात्र.

“मग ठेवलंस?”

“नाही,” ती म्हणाली. “उचलून खुराड्यात नेलं. बाकीची तिथंच झोपलीयत ना. एकटं कसं ठेवायचं?”